बोट नंबर चार

पंचवीस मिनिटं, चाळीस रुपये.
जॅकेट घातल्याशिवाय बसू देणार नाही.
खाली मीच खडूनं लिहिलंय:
हंसाच्या मानेला लोंबकळू नये.

रविवारी बीडकडून माणसं येतात
सिंदफणा बघायला नाही, पाणी बघायला.
नदीचं नाव कुणी विचारत नाही.
भजी कुठं मिळतील, विचारतात,
फोटोत डोंगर येईल का, विचारतात,
आणि हुरड्याच्या दिवसांत
बोटीत बसून कणसं चोळतात,
फोल पाण्यावर फुंकतात.
मासे वर येतात, बघून परत जातात.

मागच्या दुष्काळात इथं थेंब नव्हता.
बोटी पालथ्या, वर ताडपत्री,
मी टँकरच्या खेपा मोजायला लागलो.
तळ्याच्या पोटात भेगा
आणि भेगांवर क्रिकेट.
कुठल्याशा झाडाचं काळं खोड वर आलेलं,
पोरांनी त्याला स्टंप केलं.
बॉल लागला की ठक्क नाही,
धप्प वाजायचं,
आत अजून ओल असल्यासारखं.
आउट म्हणून गाव नाचायचं.
कोरड्या तळ्यात आवाज फार घुमतो.

सोजरबाई आली ती यंदा, तळं भरल्यावर,
पणतूचं बोट धरून.
मी म्हटलं, आजी, तुम्हाला तिकीट नाही.
तिनं कनवटीची गाठ सोडली.
"फुकट नको बाप्पा.
आमाला बी इथं काई फुकट नव्हतं.
पाट्या मोजून तीन रुपये रोज
अन् मूठभर सुकडी."

पोराचे पाय पायडलला पुरेनात.
इरफानला धक्क्यावर ठेवून मीच बसलो.
जॅकेटचा पट्टा तिला लावता येईना.
नऊवारीवर तो नारंगी फुगा,
तिचं तिलाच हसू आलं.

तिनं पाण्याकडं बघितलंच नाही.
मान वळवून भिंतीकडं बघत बसली.
बहात्तरची भिंत. गाभ्यात काळी माती,
अंगावर मुरूम, मुरमावर दगड.
"वाकलीय कुठं, दिसतंय का?"
मला पाठच होतं: तिथं खडक लागला.
बापानंच सांगितलेलं.
ओव्हरसियरच्या वहीतही तेच असणार.

"खडक नव्हं. लिंब व्हता.
बावीस झोळ्या टांगलेल्या त्याला,
आमची लेकरं.
सायबाची दोरी नीट झाडातनंच गेलेली.
चाँदपाशा मुकादमानं
रातीतनं खुंट्या सरकवल्या.
सकाळी म्हनला, खडक हाय सायेब."

चाँदपाशा माझा बाप.
खोटं बोलत नाही म्हणून
पंचक्रोशीत नाव. हजेरीपटावर
न आलेल्याचा रोज त्यानं कधी लावला नाही.

"मग लिंब जगला?"
"कशाचा जगतोय.
दुसऱ्या पावसाळ्यात पानी बुंध्याला,
तिसऱ्याला डोक्यावरून.
पर तवर लेकरं चालायला लागली व्हती."

पणतू विचारत होता, इथं मगर आहे का.
नंबर सहाच्या हंसावर पाणकावळा
पंख वाळवत बसलेला.
आमच्या बुडाखालून
ते खोड गेलंही असेल.
गढूळ पाण्यात काय कळतं.

वेळ संपली. इरफाननं शिट्टी मारली,
बापाचीच पितळी, आत वाटाणा नवा.
सोजरबाईचा हात
आपसूक डोक्याकडं गेला
चुंबळ नीट करायला.
तिथं काही नव्हतं.
हात थोडा वेळ तसाच राहिला,
मग मांडीवर आला.

मी बोट वळवली नाही.
भिंतीच्या वाकणापर्यंत नेली,
तिथून पलीकडच्या काठानं.
इरफान शिट्ट्या मारत राहिला.
धक्क्यावर लातूरची पार्टी खोळंबलेली,
त्यातला एकजण हातातलं तिकीट हलवत
ओरडत होता:
ओ, नंबर चार!